नाकाचें मोल आणि मुक्कामाचा खर्च

नाक हा देहाचा अवयव खरा. परंतु आपल्या भाषेनें तो देहापेक्षां अब्रूच्या स्वाधीन अधिक केला आहे. नाक कापलें जातें तें घराण्याचें, नाक वर राहतें तें कुळाचें. आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नें येतात तीं कांहीं तिला श्वास घेतां येत नाहीं म्हणून येत नाहींत. तेव्हां चेहरा सुधारून घेण्यासाठीं मनुष्यानें घर सोडून दूर जावें, यांत नवल नाहीं. नवल आहे तें या प्रवासाचा जमाखर्च आपण किती अपुरा मांडतों याचें. गोंदियाचा मनुष्य नागपुरास जातो, नागपूरचा मुंबईस, मुंबईचा बँकॉकला किंवा इस्तंबूलला. आणि परदेशीं स्थायिक झालेलीं आपलीं माणसें रजेच्या दोन-तीन आठवड्यांत हेंच काम उरकून घेण्यासाठीं पुण्या-मुंबईस येतात. प्रत्येक ठिकाणीं एक दर सांगण्यांत येतो. तो दर खोटाच असतो असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु तो शस्त्राचा दर असतो. शस्त्र खालीं ठेवल्यावर जे दिवस सुरू होतात, त्यांचा दर कोणत्याही पत्रकावर छापलेला नसतो.

हा दिवसांचा हिशेब कसा असतो तें समजून घ्यावयाचें असेल, तर आपल्याच इतिहासांतील एक प्रकरण फार उपयोगी पडतें. तें आहे उत्तर पेशवाईंतलें, पुण्याजवळ घडलेलें. आणि त्याची हकीकत छापली गेली ती मात्र लंडनांत.

‘जंटलमन्स मॅगझिन’ या लंडनच्या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत ‘बी. एल.’ एवढीच सही असलेलें एक पत्र आणि त्यासोबत एक चित्र प्रसिद्ध झालें. चित्र कावसजी नांवाच्या मनुष्याचें होतें. नांव ऐकून तो पारशी असावा असें वाटतें. परंतु पत्रांत तो शेतकरी जातीचा मराठा होता असें स्पष्ट सांगितलें आहे. टिपू सुलतानाशीं इंग्रजांचें जें तिसरें युद्ध १७९२ सालीं संपलें, त्यांत हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा इंग्रजांच्या बाजूस होत्या. या युद्धांत कावसजी इंग्रजी लष्कराचे बैल हांकण्याच्या कामावर होता. तो टिपूच्या हातीं सांपडला, आणि त्याचें नाक व एक हात तोडून त्यास सोडून देण्यांत आलें. श्रीरंगपट्टणाजवळ तो मुंबईकर इंग्रजी फौजेंत परत येऊन मिळाला, व पुढें कंपनी सरकारचा पेन्शनर झाला. सुमारें एक वर्ष त्यानें नाकावांचून काढलें. मग पुण्याजवळच्या एका मराठी कारागिरानें, तो कुंभार जातीचा होता असें पत्र सांगतें, त्यास नवें नाक बसवून दिलें. थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यांतील दोघां इंग्रज डॉक्टरांनीं ही क्रिया होतांना पाहिल्याची साक्ष पत्रांत आहे.

ती क्रिया अशी. मेणाची एक पातळ पत्री नाकाच्या उरलेल्या खुंटावर नीट बसवून घ्यावयाची, मग ती सपाट करून कपाळावर ठेवावयाची आणि तिच्या कडेनें रेघ ओढावयाची. त्या रेघेच्या आंतली कातडी सोडवून घ्यावयाची; मात्र दोन डोळ्यांच्या मधोमध तिचा एक लहानसा देठ न तोडतां ठेवावयाचा, कीं त्यांतून रक्त वाहतें राहावें व कातडी जिवंत राहावी. नंतर खुंटावरील जुना व्रण तासून, भोंवतालीं व वरच्या ओठापाशीं छेद घेऊन, कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खालीं आणावयाची व तिची कड त्या छेदांत बसवावयाची. वर लेप कशाचा, तर आपल्या पानाच्या डब्यांत असतो त्या काताचा. कात पाण्यांत कालवून कापडाच्या पट्ट्यांवर फांसावयाचा आणि अशा पांच-सहा पट्ट्या एकीवर एक लावावयाच्या. चार दिवस त्यास हात लावावयाचा नाहीं. मग त्या काढून तुपांत भिजविलेलीं कापडें ठेवावयाचीं. पांच-सहा दिवस रोग्यानें उताणें पडून राहावयाचें. दहाव्या दिवशीं नाकपुड्या मिटूं नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घालावयाचे. आणि सुमारें पंचविसाव्या दिवशीं, नवें नाक आपल्या ठिकाणीं पक्कें रुजल्यावर, तो डोळ्यांमधला देठ कापावयाचा.

सुश्रुतसंहितेंत नाक सांधण्याची जी रीत आहे तींत पानाच्या मापानें गालाची कातडी घेतलेली आहे. पुण्याच्या कारागिरानें ती कपाळाची घेतली. या दोहोंतील नात्याविषयीं विद्वानांनीं पुष्कळ लिहिलें आहे, त्यांत आम्ही शिरत नाहीं. आमचें लक्ष वेधलें तें दुसऱ्याच गोष्टीकडे. या पत्रांत चार दिवस, सहा दिवस, दहावा दिवस, पंचविसावा दिवस असे दिवस मोजलेले आहेत. चित्र काढलें गेलें तें शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनीं, म्हणजे जानेवारी १७९४ मध्यें, हेंही नमूद आहे. तें काढणारा जेम्स वेल्स हा सवाई माधवराव व नाना फडणवीस यांचीं चित्रें रंगविणारा चित्रकार होय. सारांश, त्या काळच्या जाणत्या माणसांस एक गोष्ट स्वच्छ ठाऊक होती: नाक करणें हें एका दुपारचें काम असलें, तरी नाक होणें हें पंचवीस दिवसांचें काम आहे, आणि तें धड झालें कीं नाहीं हें कळावयास वर्ष लागतें.

आतां या पंचवीस दिवसांकडे कावसजीच्या बाजूनें पाहूं. एक हात तुटलेला मनुष्य, डोळ्यांमध्यें कातडीचा पीळ, तोंडावर काताच्या पट्ट्या, आणि कुशीवर वळण्याची मनाई. त्यास पाणी कोणी पाजलें? भाकरी कोणी करून घातली? पेन्शन होती म्हणून मुक्काम निभावला असेल. परंतु ज्या सोबत्यानें वा आप्तानें त्याच्या उशापाशीं दिवस काढले, त्याची मजुरी कोणी भरून दिली? पत्रांत साक्षीदारांचीं नांवें आहेत. शस्त्र धरणाऱ्या कुंभाराचें नांव नाहीं, आणि उशाशीं बसणाऱ्याचा तर उल्लेखही नाहीं. शिवाय नाक परत आलें तरी हात परत आला नाहीं. बैल हांकण्याचा धंदा गेला तो गेलाच. अब्रू परत मिळाली व उपजीविका मिळाली नाहीं, ही त्या जमाखर्चांतील सर्वांत मोठी बाकी होय.

त्यापुढील हकीकत अभिमानानें सांगण्यांत येते. जोसेफ कार्पु नांवाच्या लंडनच्या शस्त्रवैद्यानें या पद्धतीचा अभ्यास केला, हिंदुस्थानांत राहून आलेल्या लोकांकडे चौकशा केल्या, प्रेतांवर सराव केला, आणि १८१४ सालीं एका लष्करी अधिकाऱ्यावर ती क्रिया यशस्वी करून दाखविली. १८१६ मध्यें अशा दोन शस्त्रक्रियांचा वृत्तांत त्यानें ग्रंथरूपानें छापला, आणि तेथून ही विद्या युरोपभर पसरली. या अभिमानास आमचा विरोध नाहीं. परंतु यांतील एक बारकावा सहसा कोणी सांगत नाहीं: त्या वेळीं प्रवास केला तो विद्येनें. पुण्याची रीत समुद्र ओलांडून लंडनच्या रोग्याच्या उशाशीं गेली. लंडनच्या रोग्यास सहा महिन्यांचा जलप्रवास करून पुण्यास यावें लागलें नाहीं. म्हणूनच कार्पुच्या रोग्यास आपल्या वैद्याच्या नजरेखालीं देठ कापला जाईपर्यंत राहतां आलें.

रोग्यानेंच प्रवास करावा असेंही आपल्या देशांत पूर्वींपासून घडत आलें आहे. हिमालयाच्या पायथ्याशीं कांगड्यांत कांघियारा नांवाचीं घराणीं नाकें सांधण्याविषयीं प्रसिद्ध होतीं, व दूरदूरचे लोक त्यांच्याकडे जात. काठेवाडांत जुनागड संस्थानचे मुख्य वैद्यकीय अधिकारी त्रिभोवनदास मोतीचंद शहा यांनीं नाक सांधण्याच्या शंभर उदाहरणांचें पुस्तक १८८९ मध्यें प्रसिद्ध केलें. त्या मुलुखांत कादू मकराणी या दरोडेखोरानें लोकांचीं नाकें कापण्याचा सपाटा लावला होता. कादूनें कापावें आणि त्रिभोवननें जोडावें, अशी म्हणच तेथें पडून गेली. मात्र कांगड्यास काय किंवा जुनागडास काय, जो गेला तो मुक्कामास गेला. देठ कापल्यावांचून परतण्याची सोयच नव्हती. कारागिराची विद्या ज्या कातडीच्या देठावर उभी होती, त्याच देठानें रोग्यासही कारागिराच्या दाराशीं बांधून ठेविलें होतें. त्या काळाची गैरसोय तीच त्या काळाची रखवाली होती.

आतां आपल्या भागाकडे वळूं. गोंदिया हा जिल्हा १ मे १९९९ रोजीं भंडारा जिल्ह्यांतून वेगळा झाला. त्याचे आठ तालुके. धानाचें पीक, जुने तलाव, तेंदूपानें आणि विड्या यांवर जगणारा हा पूर्वेकडचा शेवटचा मराठी मुलूख. मोठ्या आजारास येथील माणसाची वाट पिढ्यान्‌पिढ्या नागपूरचीच. त्या नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत डॉ. सी. बालकृष्णन यांनीं १९५८ सालीं प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा केला, आणि या विषयाच्या स्वतंत्र विभागांत तो देशांतील अगदीं पहिल्यांपैकीं होता. दुभंगलेल्या ओठांच्या व टाळूंच्या वर्गवारीची एक पद्धत ‘नागपूर वर्गीकरण’ या नांवानेंच शस्त्रवैद्यांच्या ग्रंथांत गेली आहे. पुण्याजवळच्या निनांवी कुंभारानें सुरू केलेली परंपरा अशा रीतीनें विदर्भांत, आमच्या आगगाडीच्या वाटेवर येऊन बसली, ही साधी गोष्ट नव्हे.

गोंदियाहून नागपूर आगगाडीनें सुमारें एकशें तीस किलोमीटर. नकाशावर हें अंतर कांहींच नाहीं. परंतु ज्या घरांत मूल दुभंगलेल्या ओठाचें जन्मलें, किंवा ज्या घरांतील सुनेचा गळा चुलीच्या भडक्यानें भाजून हनुवटी छातीस चिकटली, त्या घरीं हें अंतर किलोमीटरांत मोजीत नाहींत. देवरी तालुक्याचें ठिकाण हमरस्त्यावर आहे, पण तेथें आगगाडी नाहीं. आंतल्या गांवाहून आधीं देवरी, मग गोंदिया वा आमगांव, मग नागपूर, असा पल्ला. पुन्हां हा प्रवास एकदांचा नसतो. दुभंगलेला ओठ साधारणतः तीन ते सहा महिन्यांच्या वयांत शिवतात, टाळू त्यानंतर, मूल वर्ष-दीड वर्षाचें होण्याच्या सुमारास; पुढें बोलण्याचा सराव, दांतांचें काम, आणि वयांत आल्यावर गरज पडल्यास नाकाची सुधारणा. भाजलेल्या कातडीचें तर असें कीं, ती वाढत्या मुलाबरोबर वाढत नाहीं. म्हणून एकदां मोकळी केलेली मान पुन्हां आखडूं नये यासाठीं पट्टे वापरणें, व्यायाम करणें, तपासणीस जाणें महिनोन्‌महिने चालतें, आणि कित्येकदां शस्त्रही पुन्हां लावावें लागतें.

सरकारनें या खर्चाचा विचार केलाच नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. २०१२ मध्यें कांहीं जिल्ह्यांत आणि २०१३ च्या अखेरीस राज्यभर सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेंत (हिचेंच नांव २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असें झालें) भाजलेल्यांचे उपचार आणि प्लास्टिक सर्जरी यांचा समावेश होता. शस्त्रक्रिया, औषधें, खाट आणि रोग्याचें जेवण यांबरोबर परतीच्या भाड्याचीही तरतूद होती. ती तरतूद मात्र वाचण्यासारखी आहे: रुग्णालयापासून रोग्याच्या घरापर्यंतचें एस.टी.चें किंवा आगगाडीच्या दुसऱ्या वर्गाचें भाडें, एकदां, आणि तेंही एकट्या रोग्याचें. जणूं सहा महिन्यांचें मूल एकटेंच दुसऱ्या वर्गानें घरीं परतणार होतें. योजना करणाऱ्यांचा हेतु चांगला, यांत शंका नाहीं. परंतु जें १७९४ च्या पत्रांत गळलें तेंच येथेंही गळलें. उशाशीं बसणारा माणूस हिशेबांत आलाच नाहीं. त्या माणसाची रोवणीच्या आठवड्यांतली मजुरी, मागें घरीं राहिलेलीं दोन मुलें, शेजारणीच्या भरवंशावर टाकलेली गाय, नागपुरांत रुग्णालयाच्या पायरीवर काढलेल्या रात्री, हें सर्व ‘मोफत’ या शब्दाच्या पोटांत बिनबोभाट गडप होतें. म्हणूनच पहिली शस्त्रक्रिया होते आणि दुसरीस कोणी येत नाहीं. लोक यास अडाणीपणा म्हणतात. आम्हांस तो त्या घरच्या माउलीनें बोटांवर केलेला, तंतोतंत बरोबर असा हिशेब वाटतो.

या छुप्या खर्चाची आणखी एक तऱ्हा वेलोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांच्या अनुभवास आली. कुष्ठरोगानें वाकडी झालेली बोटें शस्त्रक्रियेनें सरळ करण्याचें काम त्यांनीं १९४८ च्या सुमारास आरंभिलें. त्यांच्या एका रोग्यानें हात बरे झाल्यावर येऊन तक्रार केली कीं, या चांगल्या हातांवर भीक मिळत नाहीं. डॉ. ब्रँड यांच्या ध्यानांत आलें कीं शस्त्रानें रूप दिलें पण पोट दिलें नाहीं. आणि मग धंदाशिक्षणाची सोय करणें त्यांस भाग पडलें. कावसजीच्या तुटलेल्या हाताची बाकी येथें पुन्हां निघाली. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यांत कुष्ठरोग दीर्घकाळ ठाण मांडून आहे, त्यामुळें ही गोष्ट आपल्यास परकी नव्हे.

येथवर आम्ही बिघडलेलें रूप पूर्ववत् करण्याविषयीं बोललों. कोणी म्हणेल, हा प्रश्न निराळा, आणि धडधाकट नाक आणखी सरळ करण्यासाठीं, पोटावरची चरबी काढण्यासाठीं किंवा टकलावर केंस लावण्यासाठीं परदेश गांठणाऱ्यांचा प्रश्न निराळा. कायद्यानेंही हा भेद मानला आहे. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तु व सेवा कराच्या नियमांत वैद्यकीय सेवेस माफी आहे. पण केसांचें रोपण व सौंदर्यासाठीं केलेली शस्त्रक्रिया यांस ती नाहीं, आणि जन्मजात व्यंग, दुखापत इत्यादींमुळें बिघडलेलें शरीर पूर्ववत् करण्यासाठीं केलेल्या शस्त्रक्रियेस ती आहे. आरोग्यविम्याच्या करारांतही सौंदर्यशस्त्रक्रिया हा वगळलेला विषय असतो.

भेद खरा आहे. परंतु जखमेस तो ठाऊक नाहीं. हौसेनें घेतलेला छेद आणि गरजेनें घेतलेला छेद सारख्याच दिवसांत भरतात. किंबहुना हौसेच्या प्रवासांत दिवसांची टंचाई अधिक असते, कारण तेथें कातडीचा देठ दिसत नाहीं. नव्या पद्धतींनीं कित्येक शस्त्रक्रियांत रोग्यास दुसऱ्या दिवशीं उठून चालतां येतें. त्यावरून तो मोकळा झाला अशी त्याची समजूत होते, आणि दलाल ती समजूत मोडीत नाहीं. वस्तुतः शस्त्रक्रिया आणि लांबचा विमानप्रवास हीं दोन्ही रक्ताच्या गुठळ्या होण्यास कारण होतात, व दोहोंची गांठ पडली म्हणजे धोका वाढतो. म्हणूनच इंग्लंडची राष्ट्रीय आरोग्यसेवा आपल्या नागरिकांस सांगते कीं, चरबी काढण्यासारख्या क्रियेनंतर पांच ते सात दिवस आणि चेहऱ्याच्या वा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर सात ते दहा दिवस विमानांत बसूं नये. हे दिवस परक्या शहरांतल्या खोलीचे, सोबत्याच्या रजेचे, आणि खाण्यापिण्याचे असतात. जाहिरातींतल्या दरांत ते क्वचितच सांपडतात.

दिवस चोरले म्हणजे काय होतें, याचे आंकडे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानें २०२४ च्या आरंभीं प्रसिद्ध केले. २००९ ते २०२२ या चौदा वर्षांत सौंदर्यशस्त्रक्रियेसाठीं डॉमिनिकन प्रजासत्ताकांत गेलेले त्र्याण्णव अमेरिकन नागरिक त्यानंतर मृत्यु पावले. पहिल्या दहा वर्षांत वर्षास सरासरी चार, आणि २०१९ पासूनच्या चार वर्षांत वर्षास तेरा. यांत रक्ताच्या व चरबीच्या गुठळ्या फुप्फुसांत जाऊन मेलेले पुष्कळ होते. एवढ्या मोठ्या संख्येनें लोक जातात त्यांत हे मृत्यु थोडे आहेत असें म्हणतां येईल. परंतु हे सर्व धडधाकट चालत घराबाहेर पडलेले होते, हें विसरतां येत नाहीं.

गुठळीहून हळू चालणारा, पण आमच्या मतें अधिक सार्वत्रिक असा खर्च म्हणजे गुप्ततेचा. दूर जाण्याचीं कारणें दोन असतात. एक स्वस्ताई, व दुसरें ‘कोणास कळूं नये’ ही इच्छा. लग्न ठरण्यापूर्वीं मुलीच्या नाकाची शस्त्रक्रिया आपल्या गांवीं न करतां परगांवीं करावी, असें आईबापांस वाटतें तें याचसाठीं. परंतु जें दूर जाण्याचें कारण, तेंच पुढें घरीं उपचार न घेण्याचें कारण होऊन बसतें. टांक्यांतून पू येऊं लागला, ताप चढला, तरी गांवच्या डॉक्टरकडे जावें तर गुपित फुटतें. म्हणून वाट पाहिली जाते. आणि जखमेस वाट पाहणें मानवत नाहीं. डॉक्टरकडे गेलेंच तर तो विचारतो, काय केलें, कोणतें औषध दिलें, आंत कांहीं बसविलें आहे काय? कागद असतो तो परक्या भाषेंत, किंवा नसतोच. रजेवर मायदेशीं येऊन शस्त्रक्रिया उरकून परतलेल्या माणसाची हीच अडचण त्याच्या परदेशांतल्या डॉक्टरपुढें उभी राहते. ज्यानें शस्त्र लाविलें तो हजारों कोस दूर, आणि जो जवळ आहे त्यास कांहीं ठाऊक नाहीं. अशा वेळीं दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च पहिलीच्या वांचविलेल्या पैशांस सहज गिळतो. कावसजीचें याच्या उलट झालें. त्याचा चेहरा, कपाळावरच्या व्रणासकट, नांवानिशीं छापून जगास दाखविला गेला. लाज ज्यानें नाक कापलें त्याची, नाक जोडून घेणाऱ्याची नव्हे, एवढें शहाणपण त्या पत्रांत होतें.

मग काय, अशा प्रवासास कोणी जाऊंच नये? आमचें म्हणणें तसें नाहीं. चेहऱ्याची काळजी करणें हा पोकळ डौल आहे, असा उपदेश करणें सोपें आहे. परंतु कावसजीनें बारा महिने नाकावांचून श्वास घेतलाच होता. तो पुण्याच्या कारागिराकडे गेला तो लोकांच्या नजरेस नजर देतां यावी म्हणून. त्याची गरज जर आपण मान्य करतों, तर आपल्या मुलीची, भाजलेल्या सुनेची किंवा ओठ दुभंगलेल्या नातवाची गरज हलकी मानण्याचा आपल्यास अधिकार नाहीं. हौस कोठें संपते आणि गरज कोठें सुरू होते ही सीमा करखात्यास आंखतां येते. आईस ती आंखतां येत नाहीं.

आमचें मागणें आहे तें हिशेबाच्या खरेपणाचें. घरांतून निघण्यापूर्वीं तीन गोष्टी विचारून घ्याव्या. किती दिवस मुक्काम करावा लागेल, आणि त्या दिवसांत उशाशीं कोण बसेल? घरीं परतल्यावर बिघडलें तर कोणाकडे जावयाचें, आणि त्याच्या हातीं कोणता कागद द्यावयाचा? आणि हें काम एका खेपेचें आहे कीं अनेक खेपांचें? या प्रश्नांचीं उत्तरें मिळत नसतील, तर सांगितलेला दर कितीही थोडा असो, तो महाग आहे असें समजावें.

आणि एक मागणें आपल्या जिल्ह्यासाठीं. २०१६ सालीं गोंदियास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. प्रत्येक अवघड शस्त्रक्रिया तेथेंच व्हावी असा हट्ट आम्ही धरीत नाहीं. नागपूरचा अनुभव मोठा आहे, आणि अवघड काम अनुभवी हातींच पडावें. परंतु टांके काढणें, पट्टे तपासणें, आखडणारी मान महिन्या-महिन्यास पाहणें, मुलाच्या बोलण्याचा सराव घेणें, हीं पंचविसाव्या दिवसाचीं कामें तरी गोंदियास आणि तालुक्याच्या ठिकाणीं होऊं शकतील. नागपूरच्या शस्त्रवैद्यानें रोग्याच्या हातीं मराठींत एक चिठ्ठी द्यावी, व गोंदियाच्या डॉक्टरनें ती वाचून पुढचें पाहावें, एवढ्या व्यवस्थेस फार मोठा पैसा लागत नाहीं. लंडनच्या रोग्यासाठीं पुण्याची विद्या सात समुद्र ओलांडून गेली. देवरीच्या मुलासाठीं तिनें नागपूरहून दीडशें-दोनशें किलोमीटर यावें, ही अपेक्षा अवास्तव नाहीं. आणि सोबत येणाऱ्या माणसाचें भाडें व बुडालेली मजुरी कोणत्याही योजनेच्या कागदावर जेव्हां प्रथम लिहिली जाईल, तेव्हां कावसजीच्या उशाशीं बसलेल्या त्या अज्ञात सोबत्याचेंही देणें थोडेंसें फिटेल.